पांढऱ्या खोडाचे झाड आणि कंसातला माणूस

कलाहारीच्या रुक्ष प्रदेशात ऐन दुपारी माणसाला आणि जनावराला सावलीचा आधार वाटावा असे एक झाड आहे. उंची बेताची, माथा घनदाट आणि खोड मात्र चुना फासल्यासारखे पांढरे. बोट्स्वाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागांत ते मेंढपाळांचे झाड म्हणून ओळखले जाते. सेत्स्वाना भाषेत त्याला मोट्लोपी म्हणतात, तर आफ्रिकान्स भाषेतील त्याच्या नावात पांढऱ्या खोडाचाच उल्लेख आहे. बोट्स्वानातील कलाहारीत विहिरीसाठी खोदकाम करताना या झाडाचे मूळ तब्बल ६८ मीटर खोलीवर सापडल्याची नोंद १९७४ मध्ये झाली. वीस मजली इमारतीहूनही जास्त खोल गेलेले हे मूळ, जगात आजवर नोंदलेल्या सर्वांत खोल मुळांपैकी एक मानले जाते.

या झाडाचे शास्त्रीय नाव बॉसिया अल्बिट्रंका. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत या नावापुढे एक कंस असतो आणि त्या कंसात बर्च. अशी त्रोटक अक्षरे असतात. सामान्य वाचकाची नजर त्या अक्षरांवरून सहज पुढे सरकते. परंतु वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांनुसार त्या अक्षरांना निश्चित अर्थ आहे. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन ज्याने केले, त्याचे ते संक्षिप्त नाव आहे. विल्यम जॉन बर्चेल हे त्याचे पूर्ण नाव. बर्चेलचा झेब्रा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यामुळे ते अनेकांच्या कानावरून गेलेले असते. मात्र त्या नावामागच्या माणसाची कथा फारशी सांगितली जात नाही. अपार मेहनत, विलक्षण शिस्त आणि तितकेच मोठे अपुरेपण यांनी ती भरलेली आहे.

बर्चेलचा जन्म २३ जुलै १७८१ रोजी लंडनजवळच्या फुलहॅम येथे झाला. वडिलांची तिथे मोठी रोपवाटिका होती. देशोदेशींची झाडे, त्यांची बियाणी आणि त्यांच्या लागवडीच्या खटपटी यांतच मुलगा वाढला. पुढे क्यू येथील राजोद्यानात त्याने वनस्पतींचा अभ्यास केला आणि १८०३ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, लिनियन सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. वडिलांचा व्यवसाय पुढे चालवावा, अशी घरची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. बर्चेलने मात्र १८०५ मध्ये दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटाची वाट धरली.

हे बेट त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होते. हिंदुस्थानातून मायदेशी परतणारी कंपनीची जहाजे पाणी आणि ताजे अन्न घेण्यासाठी तिथे थांबत. बर्चेलने प्रथम भागीदारीत व्यापार करून पाहिला. तो जमला नाही. मग कंपनीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी आणि जोडीला बेटावरील वनस्पतितज्ज्ञाचे काम त्याच्याकडे आले. याच काळात त्याची वाग्दत्त वधू त्याच्याशी लग्न करण्यासाठी इंग्लंडहून जहाजाने निघाली. जहाज बेटाला लागले तेव्हा तिचे मन बदललेले होते. प्रवासात जहाजाच्या कप्तानाशी तिचे सूर जुळले होते आणि तिने त्याच्याशीच संसार थाटला. बर्चेलने पुढे कधीही लग्न केले नाही.

दुःखातून माणसाला बाहेर काढणारी वाट कधी कधी अनपेक्षितपणे समोर येते. केप वसाहत १८०६ मध्ये इंग्रजांनी जिंकल्यावर तेथील शेवटचा डच गव्हर्नर यान्सेन्स आणि त्याच्यासोबतचा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ लिश्टेनस्टाईन युरोपला परतताना सेंट हेलेना येथे थांबले. केपच्या अंतर्भागात अजून कोणी न पाहिलेल्या वनस्पतींचा खजिना आहे, हे त्यांच्याकडून ऐकल्यावर बर्चेलच्या मनाने घेतले. बेटावरच्या नोकरीत त्याचे मन तसेही रमत नव्हते. नोकरी सोडून नोव्हेंबर १८१० मध्ये तो केप टाऊनला पोहोचला.

तिथे त्याने घाई केली नाही. आधी डच भाषा शिकून घेतली, टेबल माउंटनचा परिसर पायाखाली घातला आणि प्रवासासाठी एक बैलगाडी खास बांधून घेतली. ही गाडी म्हणजे त्याचे घर, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि चित्रशाळा. पुस्तके, वनस्पती दाबून वाळवण्याचे कागद, रंग, मोजमापाची उपकरणे आणि त्याची आवडती बासरी, सारे त्या छपराखाली बसवलेले होते. पुढे १८२० मध्ये त्याने या गाडीच्या अंतर्भागाचे जलरंगातील एक सुरेख चित्र काढले. ते पाहिले म्हणजे त्याचा नीटनेटका, काहीसा एकांतप्रिय स्वभाव लक्षात येतो.

जून १८११ मध्ये गाडी निघाली. कारूचे वैराण पठार ओलांडून ऑरेंज नदी, तिथून क्लारवॉटर असा पहिला टप्पा होता. क्लारवॉटर हे मिशनरी मंडळींचे ठाणे आज ग्रिकाटाऊन या नावाने ओळखले जाते. या वाटेवर मिशनऱ्यांच्या काफिल्याची सोबत होती. पुढच्या प्रवासात मात्र त्याचे साथीदार मुख्यतः खोईखोई होते. त्यांच्यातल्या स्पीलमनसारख्या शिकाऱ्यांच्या नजरेवर आणि वाटांच्या ज्ञानावर बर्चेलचा जीव अवलंबून होता. त्याने त्यांची नावे आपल्या ग्रंथात आदराने नोंदवली आणि त्यांची चित्रेही काढली. त्या काळातील अनेक युरोपीय प्रवाशांच्या लेखनात ही गोष्ट अभावानेच आढळते.

बर्चेलचे खरे वेगळेपण होते त्याच्या कामाच्या पद्धतीत. त्याच्या आधीच्या अनेक संग्राहकांनी युरोपला पाठवलेल्या वाळलेल्या फांद्यांवर केप ऑफ गुड होप एवढाच पत्ता असे. हा पत्ता म्हणजे एका अफाट मुलुखाचे नाव. झाड डोंगरावर होते की नदीकाठी, ते फुलले कोणत्या महिन्यात, याचा त्यातून काहीच बोध होत नसे. बर्चेलने प्रत्येक नमुन्याला क्रमांक दिला. त्या क्रमांकासमोर दिवस, महिना, वर्ष आणि नेमके ठिकाण लिहिले. हे ठिकाण अचूक असावे म्हणून तो आकाशातील निरीक्षणांवरून अक्षांश काढत असे आणि आपला नकाशा स्वतः आखत असे. या नोंदींची त्याने एक भौगोलिक सूची तयार केली. तिचे हस्तलिखित खंड आजही क्यू येथे जपलेले आहेत.

याच प्रवासात, १८११ मध्ये, ऑरेंज नदीच्या खोऱ्यातील कोरड्या टापूत पांढऱ्या खोडाचे ते झाड बर्चेलने निरखले. झाड कडक आणि काटक. पाने लहान, अरुंद, चिवट, राखाडी छटेची हिरवी आणि आखूड फांद्यांवर झुबक्यांनी येणारी. सभोवतालचे गवत करपून गेले तरी ही पाने टिकून राहतात, कारण झाड सदाहरित आहे. फुले इवलीशी, हिरवट पिवळी आणि उग्र वासाची. फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा झुबका आणि त्यातून वर आलेल्या एका छोट्या देठावर बसलेला अंडाशय. फळ वाटाण्याहून थोडे मोठे, गोल, पिकल्यावर पिवळसर. जिराफ आणि हरणे पोचेल तिथवरची पाने खातात, त्यामुळे माथ्याची खालची कड कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसते.

हे सारे गुण एकत्र पाहिल्यावर बर्चेलने झाडाला कॅपॅरिस प्रजातीत ठेवले आणि जातीला नाव दिले अल्बिट्रंका, म्हणजे पांढऱ्या खोडाची. १८२२ मध्ये त्याच्या प्रवासग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा हे नाव छापले गेले. ते छापले गेले पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांतील लॅटिन टिपेत. वर प्रवासाची हकिगत चालू आहे आणि खाली एका नव्या जातीचा जन्मदाखला लिहिला जात आहे, असा हा प्रकार. त्या ग्रंथात अशा टिपा पानोपानी आहेत आणि दक्षिण आफ्रिकेतील कित्येक वनस्पतींची नावे त्यांतूनच जगासमोर आली.

कॅपॅरिस ही प्रजाती मराठी वाचकाला अनोळखी नाही. आषाढी द्वादशीच्या जेवणात जिच्या फळांची भाजी करतात ती वाघाटी आणि माळरानावर वाढणारी नेपती या दोन्ही याच प्रजातीतल्या. वाघाटीचे फूल जवळून पाहिलेल्यांना त्यातील लांब देठावर तोललेला अंडाशय आठवेल. या कुलाची ती मोठी खूण आहे. बर्चेलची नजर तिच्यावरच गेली असणार. कुल ओळखण्यात तो चुकला नव्हता.

प्रजातीच्या बाबतीत मात्र पुढे दुरुस्ती झाली. कॅपॅरिसच्या फुलाला ठळक पाकळ्या असतात. पांढऱ्या खोडाच्या या झाडाच्या फुलाला पाकळ्याच नसतात. पाकळ्याविरहित फुलांच्या अशा आफ्रिकी झाडांसाठी लामार्कने बॉस्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून बॉसिया ही प्रजाती आधीच सुचवलेली होती. १९१५ मध्ये एर्न्स्ट गिल्ग आणि त्यांच्या पत्नी शार्लोट गिल्ग-बेनेडिक्ट या जर्मन अभ्यासकांनी हे झाड त्या प्रजातीत हलवले. नियम असा, की झाड एका प्रजातीतून दुसरीत गेले तरी जातीचे मूळ नाव त्याच्यासोबत जाते आणि मूळ नामकर्त्याचे नाव कंसात राहते. म्हणून कॅपॅरिस गेले, अल्बिट्रंका टिकले आणि बर्चेल कंसात गेला.

अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी या कुलाचे मोहरीच्या कुलाशी जवळचे नाते पक्के केले आहे. फुलपाखरांना मात्र हे गणित आधीपासूनच ठाऊक असावे. मोहरी, कोबी यांच्यावर वाढणाऱ्या पांढऱ्या फुलपाखरांचीच भाऊबंद कॅपॅरिस कुलाच्या झाडांवर अंडी घालतात. पायोनिअर नावाचे जे पांढरे फुलपाखरू आपल्याकडे वाघाटीच्या कुलातील झाडांवर वाढते, तेच आफ्रिकेत बर्चेलच्या या पांढऱ्या खोडाच्या झाडावर वाढते. दोन खंडांतल्या झाडांचे आप्तपण अळीच्या जिभेला कळते आणि माणसाला त्यासाठी भिंग लागते.

अशीच आणखी एक गंमतीची कथा एका काटेरी झाडाची आहे. ऑरेंज नदीच्या वाटेवर बर्चेल एका बाभळीसारख्या झुडपाची फांदी तोडायला गेला. साथीदारांनी सावध केले होते. तरीही एका डहाळीच्या आकडेदार काट्यांनी त्याची बाही पकडली. ती सोडवायला गेला तर दुसरा हात अडकला आणि शेवटी टोपीही. सुटका झाल्यावर त्याने त्या झाडाचा सूड उगवला तो वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पद्धतीने. त्याने त्याला अकेशिया डेटिनेन्स, म्हणजे अडकवून ठेवणारी, असे नाव दिले, जेणेकरून पुढचे प्रवासी सावध राहतील. आज वर्गीकरणात हे झाड स्वतंत्र जात न राहता उपजात झाले आहे आणि त्याची प्रजातीही आता सेनेगालिया आहे. २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील झाडांकडे गेले आणि २०११ च्या मेलबर्न परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झाले. आपली बाभूळ व्हॅचेलिया आणि खैर सेनेगालिया झाला, तो याच निर्णयामुळे. डेटिनेन्स हा शब्द मात्र त्या उपजातीच्या नावात अजूनही काटा रोवून बसलेला आहे.

सप्टेंबर १८११ मध्ये बर्चेलने जमिनीवरून एक विचित्र आकाराचा गोटा उचलला, तर ती निघाली वनस्पती. दगडासारखे रूप घेऊन जनावरांपासून वाचणाऱ्या या वनस्पती आज जगभरच्या बागांत हौसेने वाढवल्या जातात. जवळच दगडांच्या रंगाचा एक टोळही त्याने पाहिला आणि संरक्षणासाठी सजीवांनी घेतलेल्या या सोंगाची नोंद केली. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे बाकी होती. १८१२ च्या जुलैत तो बाट्लापिंग लोकांच्या लिटाकून या गावी पोहोचला आणि तेथील घरे, वेशभूषा व रीतिरिवाज यांचे बारकाईने वर्णन केले. त्याच वर्षी त्याने पांढरा गेंडा अभ्यासला. १८१७ मध्ये त्या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन त्याच्याच नावावर प्रसिद्ध झाले.

सुमारे ७,००० किलोमीटरचा प्रवास करून एप्रिल १८१५ मध्ये बर्चेल केप टाऊनला परतला. त्याच्या गाडीत ५०,००० हून अधिक नमुने होते. वनस्पती, बिया, कंद, कीटक, पक्षी, प्राण्यांची कातडी आणि शेकडो चित्रे. एका माणसाने, स्वतःच्या खर्चाने, चार वर्षांत जमवलेला हा संग्रह आफ्रिकेतून युरोपात गेलेल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक होता.

इथून पुढे त्याच्या आयुष्याचा दुसरा, अधिक अवघड प्रवास सुरू होतो. झाड शोधणे आणि झाडाला शास्त्रात जागा देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी धाडस लागते. दुसऱ्यासाठी वेळ, तुलनेला इतर संग्रह, मदतनीस आणि संस्थेचे पाठबळ लागते. बर्चेलकडे पहिले विपुल होते, दुसरे जवळजवळ नव्हते. त्याने ब्रिटिश म्युझियमला प्राण्यांची ४३ कातडी भेट दिली. त्यांतील बहुतेक पेटाऱ्यांतच पडून खराब झाली. हा अपमान तो कधी विसरला नाही. प्रवासग्रंथाचे दोन खंड १८२२ आणि १८२४ मध्ये निघाले, परंतु त्यांतील हकिगत १८१२ पाशीच थांबते. तिसरा खंड आलाच नाही. म्हणजे त्याच्या प्रवासाचा मोठा भाग त्याच्याच लेखणीतून जगाला कळला नाही.

ग्रंथ अपुरा असतानाच १८२५ मध्ये तो ब्राझीलला गेला. रिओ दि जानेरो, साओ पावलो, गोयाझ असा प्रवास करत टोकँटिन्स नदीने तो ॲमेझॉनच्या मुखाजवळील पारा या बंदरापर्यंत पोहोचला. १८३० मध्ये तो परतला, तेव्हा आफ्रिकेच्या न उलगडलेल्या गठ्ठ्यांत ब्राझीलच्या हजारो गठ्ठ्यांची भर पडली होती. मधल्या काळात वडिलांचे निधन झाले होते. १८३४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला सन्माननीय पदवी दिली. त्यानंतरची जवळपास तीन दशके त्याने फुलहॅमच्या घरात नमुने लावण्यात, क्रमांक पडताळण्यात आणि सूच्या लिहिण्यात घालवली.

इथे त्याचा गुण हाच त्याचा शत्रू ठरला. नोंद परिपूर्ण झाल्याशिवाय प्रसिद्ध करायची नाही आणि संग्रह दुसऱ्याच्या हाती सहसा द्यायचा नाही, असा त्याचा बाणा होता. दरम्यान इतर संग्राहक दक्षिण आफ्रिकेत गेले. बर्चेलने कितीतरी वर्षे आधी पाहिलेल्या वनस्पतींना त्यांनी व त्यांच्या मित्रांनी नावे दिली. नामकरणात अग्रक्रम मिळतो तो प्रथम प्रसिद्ध करणाऱ्याला, प्रथम पाहणाऱ्याला नव्हे. केपच्या वनस्पतींचा फ्लोरा कॅपेन्सिस हा महाग्रंथ हार्वे आणि साँडर यांनी १८६० पासून प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हाही बर्चेलचा मुख्य संग्रह त्याच्या घरातच होता.

२३ मार्च १८६३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, विल्यम बर्चेलने फुलहॅमच्या घरी स्वतःच आपले जीवन संपवले. मागे राहिले ते कागदांत नीट दाबून ठेवलेले, क्रमांक घातलेले हजारो नमुने. १८६५ मध्ये त्याची बहीण ॲना हिने वनस्पतींचा संग्रह क्यूला दिला. कीटक आणि पक्षी ऑक्सफर्डला गेले.

आणि मग जे बर्चेलच्या हयातीत घडले नाही ते हळूहळू घडू लागले. फ्लोरा कॅपेन्सिसचे रखडलेले काम १८९६ पासून क्यूच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू झाले, तेव्हा पानोपानी बर्चेलचे क्रमांक दिसू लागले. अमुक वनस्पती अमुक नदीकाठी, अमुक डोंगरावर, असा निःसंदिग्ध पत्ता त्याच्या नोंदींतून मिळत होता. ऑक्सफर्डचे कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड पोल्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस त्याच्या कीटकांकडे आणि सजीवांच्या सोंगांविषयीच्या निरीक्षणांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या माळावर कोणती झाडे होती आणि ती केव्हा फुलत होती, हे आजच्या संशोधकाला तपासायचे असेल, तर तारीख आणि ठिकाण लिहिलेल्या अशा जुन्या नमुन्यांइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

वर्गीकरण बदलत राहते. बर्चेलने कॅपॅरिस म्हटले, गिल्ग दांपत्याने बॉसिया म्हटले, उद्या आणखी कोणी वेगळे म्हणेल. त्यात कोणाचा पराभव नसतो. परंतु झाड कुठे उभे होते, त्याचे खोड कसे होते आणि ते पाहिले त्या दिवशी तारीख कोणती होती, या नोंदी मात्र जुन्या होत नाहीत. सिद्धांत उभे राहतात आणि कोसळतात ते अशाच नोंदींच्या आधाराने. आपण अपुरे राहिलो, या जाणिवेने अखेरची वर्षे काढलेल्या माणसाचे पुरे झालेले काम नेमके हेच होते.

दक्षिण आफ्रिकेत मेंढपाळांचे हे झाड आज १९९८ च्या राष्ट्रीय वन कायद्याखाली संरक्षित आहे. परवान्याशिवाय ते तोडता येत नाही. त्याची मुळे भाजून, कुटून कॉफीसारखे पेय करण्याची रीत जुनी आहे. त्याच्या सावलीत आजही मेंढरे विसावतात. तिथे बसलेल्या गुराख्याला बर्चेल ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र जगातल्या कोणत्याही भाषेतील शास्त्रज्ञ या झाडाचे पूर्ण नाव लिहू लागला, की त्याला क्षणभर थांबून एक कंस उघडावा लागतो. त्या कंसात फुलहॅमच्या रोपवाटिकेत वाढलेला, बैलगाडीत बासरी वाजवणारा तो एकाकी माणूस असतो.